बाळंतिणीच्या उशाशी पुस्तक

प्रश्न : ताई, माझी सून पोर्तुगालची, पोर्तो शहरातली. मुलगा तिकडे शिकायला एकटा गेला आणि दुकटा परत आला. नात आता दोन महिन्यांची आहे. आम्ही दादरला, पोर्तुगीज चर्चच्या स्टॉपजवळ राहतो, त्यामुळे लोकांना थट्टेला आयतंच निमित्त. सून गुणी आहे, तशी तक्रार नाही. पण बाळंतिणीने वाचू नये, डोळे जातात, असं आमच्या आईने आम्हाला बजावलं होतं. ही बाळाला पाजताना एका हातात पुस्तक धरते. रात्री तीनला उठली की मोबाइलवर आवाज बंद करून मालिका लावते आणि नुसती खालची अक्षरं वाचत बसते. डिंकाचा लाडू अर्धाच खाते, हळिवाची खीर बघून तोंड फिरवते आणि ‘कांजा’ मागते. तो म्हणे कोंबडीच्या पाण्यातला भात! आमच्या घरात कोंबडी शिजत नाही. लेकीशी सगळं बोलणं पोर्तुगीजमध्ये. तिकडची आजी ‘अव्हॉ’, आजोबा ‘अव्हो’. फरक एवढाच की आजीच्या वेळी तोंड जरा जास्त उघडायचं. फोनवर रोज हेच चालतं. मी ह्यांना ‘अहो’ अशी हाक मारली की वडील फोनवर आले असं वाटून सून वळून बघते. उद्या नात माझ्याशी कुठल्या भाषेत बोलणार?
– एक आजी, दादर

पाकिटात सुनेचीही चिठ्ठी निघाली. तिने सांगितलेली, नवऱ्याने मराठीत उतरवलेली. तीही देते.

“सासूबाई मला फार जपतात. मालिशवाल्या बाई ‘साबण द्या’ म्हणाल्या तेव्हा मी हसले, कारण आमच्याकडेही साबणाला जवळजवळ तेच म्हणतात. संध्याकाळी आठला आम्ही दोघी मालिका बघतो. एकच चेहरा तीनदा का दाखवतात, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. १९७७ साली ब्राझीलची मालिका आमच्या टीव्हीवर पहिल्यांदा लागली, तेव्हापासून माझी आजी रात्रीचं जेवण लवकर आटपते. आमच्याकडे मोठ्यांच्या परदेशी कार्यक्रमांचे आवाज बदलत नाहीत, खाली अक्षरं येतात. वाचत वाचत बघायची मला लहानपणापासून सवय. पुस्तक वाचते, कारण दिवसभरात तेवढंच एक काम मला कुणी शिकवायला येत नाही. १९९८ चं नोबेल मिळालेल्या आमच्या लेखकाचं एकेक वाक्य दीड-दीड पान चालतं. पूर्णविराम येईपर्यंत लेक झोपलेली असते. आणि नवरा चौथ्या दिवशी ऑफिसला का गेला? माझ्या भावाला बाळ झालं तेव्हा त्याला २८ दिवस सुटी घ्यावीच लागली. तिकडे तसा कायदा आहे.”

उत्तर : आजी (नवीनच मिळालेला मान आहे, म्हणून तसंच म्हणते), मी पस्तीस वर्षं प्रसूतिकक्षात काढली. वाचून डोळे गेलेली बाळंतीण मला एकही भेटली नाही. रक्त कमी म्हणून डोळ्यांपुढे अंधारी येणाऱ्या मात्र पुष्कळ भेटल्या. तुमच्या आईंच्या काळी दारं-खिडक्या बंद, मिणमिणता दिवा आणि वर धुरीचा धूर. त्यात कुणाचेही डोळे चुरचुरतील. सुनेच्या उशाशी चांगला दिवा लावून द्या, पाठीला लोड द्या. धुरी घालत असाल तर ती आजपासून बंद. तान्ह्या छातीला धूर सोसत नाही, मग कितीही ओवा टाका.

पडद्याचं म्हणाल, तर एक वर्षाखालच्या बाळाला तो दाखवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं. नियम बाळाला आहे, आईला नाही. पण मग तुमची आठची मालिकाही त्यात आली. नातीचं तोंड भिंतीकडे करून बसत जा. सुनेच्या आजीचं मला नवल वाटलं नाही. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागलं की आमच्या वॉर्डातल्या ओल्या बाळंतिणी कॉरिडॉरमधल्या टीव्हीपुढे आणि पाळण्यांपाशी मी एकटी. चेहरा तीनदा का दाखवतात, ते मलाही कळलेलं नाही. मी तेवढ्यात कुकर बघून येते.

भाषेची भीती सोडा. आईचा आवाज ती पोटात असल्यापासून ऐकतेय, तो तिच्यापासून तोडू नका. पोर दोन भाषा सहज पेलते, फक्त दोन्ही भरपूर कानावर पडायला हव्यात. मराठी कोण बोलणार? तुम्ही. न्हाऊ घालताना, टाळू भरताना, दुपट्यात गुंडाळताना. खरी अडचण वेगळीच दिसते मला. तुम्ही आणि सून एकमेकींशी मोडक्या इंग्रजीत बोलत असणार, आणि नात नेमकी तीच उचलेल. दादरमध्ये मराठीला धोका पोर्तुगीजचा नाही हो!

आता कांजा. हे नाव मूळचं आपल्या दक्षिणेकडचं, कंजीचं. ते तिकडे गेलं आणि त्यात कोंबडी पडली. गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. मोडशी झालेल्याला इथले लोक तांदळाचं पाणी मिरी-जिरं घालून पाजतात आणि त्याला ‘कांजे’ म्हणतात, असं त्याने त्यात लिहून ठेवलंय. या ओर्ताकडे मुंबई बेट खंडाने होतं! म्हणजे सून मागतेय ती आपली पेजच. आंबेमोहोराच्या कण्या गुरगुट्या शिजवा, वरचं पाणी दाट राहू द्या, जिरं-मिरी भरडून घाला, वर तूप. लाडू अर्धाच खाल्ला तर खाऊ दे, उरलेला तुम्ही खा.

राहता राहिला तुमचा मुलगा. आपल्याकडे केंद्र सरकारी नोकराला बाप झाल्यावर १५ दिवस रजा मिळते, खासगीत सगळा कंपनीच्या मर्जीचा मामला. पण २८ मधले तीनच दिवस तो घरी राहिला, २५ अजून येणं आहेत. ते रविवारी वसूल करा. कोंबडीचा कांजा तोच करील, वेगळ्या पातेल्यात, खिडकी उघडी ठेवून. पातेलंही त्यालाच घासू दे.