डोक्या-मानेच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये केमोऐवजी थेट इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारा उपचार) चालते का?

चालते, पण सरसकट नाही. आधी गाठीच्या तुकड्यावर पीडी-एल१ (पेशींवरचं, प्रतिकारशक्तीला रोखणारं प्रथिन) तपासून ते किती आहे हे सांगणारा सीपीएस हा आकडा काढतात. तो २० किंवा जास्त असेल तर एकट्या पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा विचार होतो. १ ते १९ मध्ये, विशेषतः गाठ झपाट्याने वाढून गिळणं किंवा श्वास अडत असेल तर, सोबत केमो जोडलेली बरी. गाठ लवकर आटवण्यात केमोच पुढे. १ च्या खाली एकटी इम्युनोथेरपी सहसा देत नाहीत. एकट्या औषधाने गाठ ठळकपणे आटते ती साधारण पाचातल्या एकाचीच, मात्र ज्यांना लागू पडते त्यांना बराच काळ साथ देते.

एकट्या इम्युनोथेरपीने केस सहसा जात नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. थायरॉइड, फुप्फुसं, आतडी यांना सूज काही महिन्यांनंतरही येऊ शकते. नवा खोकला, धाप किंवा जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी ऑन्कॉलॉजिस्टला कळवा.