फोटोंवरून थ्रीडी आकार: पुनर्निर्माण, पुनर्रचना की प्रतिरूप?

प्रश्न असा आलाय की एकाच वस्तूचे चहूबाजूंनी काढलेले फोटो देऊन कॉम्प्युटरकडून तिचा थ्रीडी पृष्ठभाग तयार करून घेतात, त्या रिकन्स्ट्रक्शनला मराठीत पुनर्निर्माण म्हणायचं की पुनर्रचना? मला विचाराल तर दोन्ही नकोत, प्रतिरूप म्हणा.

पुनर्रचना म्हटलं की आपल्याला राज्य पुनर्रचना आठवते, नाहीतर एखाद्या खात्याची, म्हणजे होतं ते मोडून वेगळी मांडणी, आणि इथे तर सगळा खटाटोप मूळ आकार जसाच्या तसा मिळावा म्हणून चाललेला असतो.

पुनर्निर्माणाने कसा घोळ होतो ते बामियानच्या बुद्धावरून बघा. अफगाणिस्तानातल्या कड्यात कोरलेली ती ५० मीटरहून उंच मूर्ती तालिबानने मार्च २००१ मध्ये उडवली, नंतर झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात आर्मिन ग्रून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या फोटोंवरून तिचा आकार कॉम्प्युटरवर काढला. नेटवरचे फोटो होते, पर्यटकांचे होते, पण खरे उपयोगी पडले ते १९७० साली मोजणीच्या कॅमेऱ्याने घेतलेले, आणि तरीही सॉफ्टवेअरच्या जुळणीत चीवराच्या बारीक चुण्या नीट उमटेनात म्हणून त्या माणसांनी एकेक बिंदू हाताने मोजून घेतल्या, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे त्या डेटावरून मशीनने १:२०० मापाची छोटी मूर्तीही बनवली. शिवाय कड्यावर मूर्ती परत उभारावी का हा वाद वेगळाच. आता या तिन्हींना पुनर्निर्माण म्हटलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं? कॉम्प्युटरमधलं ते प्रतिरूप, हातात धरता येते ती प्रतिकृती, आणि कड्यावर खरोखर मूर्ती घडवली तर ते पुनर्निर्माण.

दुसरं असं की हा आकार शेवटी हिशोबाने काढलेला असतो. दोन फोटोंत तोच बिंदू ओळखायचा, प्रत्येक कॅमेऱ्यापासून त्याच्याकडे रेषा सोडायची, रेषा जिथे मिळतात तिथे तो बिंदू, असे लाखो बिंदू जमले की त्यांच्यावरून पृष्ठभाग. काच किंवा कोरी पांढरी भिंत असेल तर ओळखायला काही खूणच नसते, तिथे भोकं राहतात आणि सॉफ्टवेअर ती अंदाजाने बुजवतं. मूळ वस्तू वेगळी, हे तिच्यासारखं, एवढं अंतर प्रतिरूप या शब्दात आपोआप राहतं.

फोटोग्रामेट्री मात्र तशीच ठेवा, आल्ब्रेख्त मायडेनबाउअर या जर्मन वास्तुतज्ज्ञाने १८६७ मध्ये हे नाव रूढ करायला सुरुवात केली आणि ते फोटोंवरून मोजमाप घेण्याच्या अख्ख्या शास्त्राचं आहे, प्रतिरूप हे त्यातून निघणाऱ्या वस्तूचं. वाक्यात सरळ ‘फोटोंवरून मूर्तीचं थ्रीडी प्रतिरूप तयार केलं’ लिहा, फारच औपचारिक मजकूर असेल तर थ्रीडीच्या जागी त्रिमितीय.