बीकॉम की जॉब गॅरंटीचा कोर्स? बारावी झालेल्या एका मुलीस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. बाबा म्हणतात, जनरल डिग्रीला आज कोण विचारतं, वर्षभराचा अकाउंटिंगचा कोर्स कर आणि कामाला लाग. आई म्हणते, काही झालं तरी पदवी हवीच. तू मात्र दोघांच्या पुढचा प्रश्न विचारलास: कॉलेजने विचार करायला शिकवावं की नोकरीचं काम शिकवावं? माझं मत आधीच सांगतो. कामाच्या मुळाशी असलेली समज कॉलेजात मिळवावी आणि कामाचं तंत्र कामाच्या जागी शिकावं. म्हणून तू बीकॉमलाच ॲडमिशन घे.

मी हिशेबाच्या धंद्यात आलो तेव्हा विक्रीकर होता. २००५ साली व्हॅट आला. जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी सुरू झाला. दर वेळी फॉर्म बदलले, रिटर्नच्या तारखा बदलल्या, सॉफ्टवेअर बदललं. ज्यांना फक्त फॉर्म भरता येत होता, त्यांचं शिक्षण एका रात्रीत जुनं झालं. नावे-जमेचं तत्त्व मात्र जागचं हललं नाही. लुका पाचोली नावाच्या इटलीतल्या धर्मगुरूने द्विनोंदी पद्धत, म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा लिहिण्याची पद्धत, १४९४ मध्ये पुस्तकात छापली आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या पोटात आजही तीच चालते. तुझी नोकरी तीस-पस्तीस वर्षांची असेल. आज वर्षभरात जे बटण दाबायला शिकशील, ते त्यातली किती वर्षं पुरेल याचा विचार कर.

आमच्या इचलकरंजीतलंच उदाहरण देतो. एका यंत्रमागधारकाने पाच लाखांचं मशीन घेतलं. हिशेब लिहिणारा मुलगा हुशार, हात चपळ, कोर्स केलेला. त्याने बिल उचललं आणि 'खरेदी' खात्यात टाकलं, जिथे सूत जातं. सॉफ्टवेअरने चूक दाखवली नाही, कारण आकड्यांत चूक नव्हतीच. ट्रायल बॅलन्सही, म्हणजे नावे आणि जमेच्या बेरजांचा ताळा, जुळला. पण मशीन ही मालमत्ता. तिचा खर्च एका वर्षाच्या नफ्यातून वजा होत नाही, तिच्यावर घसारा, म्हणजे झिजेपोटी दर वर्षी थोडा थोडा खर्च, धरायचा असतो. आयकराच्या हिशेबाने साधारण यंत्रसामग्रीला तो १५ टक्के. शिवाय बिलातल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट घ्यायचं असेल, म्हणजे तो आपण भरायच्या करातून वळता करायचा असेल, तर तेवढी रक्कम मशीनच्या किमतीत धरून तिच्यावर घसारा घेता येत नाही. इथे सगळे पाच लाख खरेदीत गेल्यामुळे चांगला चाललेला धंदा कागदावर तोट्यात दिसू लागला, तोही मालक कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायच्या कर्जाची मर्यादा वाढवून घ्यायला बँकेत जायच्या बेतात असताना.

ही चूक आमच्या ऑफिसातल्या एका बीकॉम झालेल्या मुलीने पकडली. व्हाउचर बघण्याआधीच तिने विचारलं, "या महिन्यात सुताची खरेदी एवढी वाढली, मग कापड का वाढलं नाही?" तिला धंदा कसा चालतो ते दिसत होतं, सूत आत येतं, कापड बाहेर जातं, आणि दोन्हींचं काही एक प्रमाण असतं. सैद्धांतिक चुकीमुळे, म्हणजे नोंद भलत्याच प्रकारच्या खात्यात गेल्यामुळे, ट्रायल बॅलन्स बिघडत नाही, हे अकरावीच्या पुस्तकात तूही वाचलं आहेस. तिने ते परीक्षेपुरतं वाचलं नव्हतं. आणि हो, तीन महिन्यांचा टॅलीचा कोर्स तिनेही केला होता, सुट्टीत.

पण बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. ते जे बघतात ते खरं आहे. घसारा म्हणजे काय हे चार वाक्यांत सांगता येत नाही, साधा अर्ज लिहिता येत नाही, अशी बीकॉम झालेली मुलं माझ्याकडे येतात. गाईडमधले अपेक्षित प्रश्न पाठ, जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवलेलं, वर्गात हजेरीपुरतं बसणं. त्यांच्याकडे पदवी आहे, शिक्षण झालेलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या मुलांच्या आईबापांनी मागावर रात्रपाळ्या करून फी भरलेली असते. कॉलेजने व्यापक शिक्षण द्यावं असं मी म्हणतो, तेव्हा मला हे अभिप्रेत नाही.

व्यापक शिक्षण हे श्रीमंतांच्या मुलांचं काम, असंही काही जण तुला सांगतील. मुंबईचं सिडनम कॉलेज १९१३ साली निघालं ते व्यापाराचं शिक्षण देण्यासाठीच. तिथे १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर राजकीय अर्थशास्त्र शिकवत होते. पैसा, चलन, कर यांच्यामागे काय चालतं, हे व्यापार शिकणाऱ्या मुलांनाही कळलंच पाहिजे असं तेव्हाही धरलं जात होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' चालवलं, तेव्हा पोरं शेतात राबून पूर्ण पदवी घेत होती. गरिबाच्या मुलाला नुसतं कामापुरतं शिकवा, असं त्यांनी म्हटलं नाही.

आता तुझ्या ॲडमिशनबद्दल. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे तुला मेजर म्हणजे मुख्य विषयाबरोबर ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीने निवडायचा विषय घ्यावा लागेल, तोही कॉमर्सबाहेरचा. सोपा पेपर, फुकटचे मार्क अशी चौकशी करून तो निवडू नकोस. इतिहास मिळाला तर घे. १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपानंतर कापडाचं काम भिवंडी-इचलकरंजीकडे कसं वळलं, हे तुझ्या घराशी जोडलेलं आहे. बाबा ज्या मागावर उभे राहतात, तो इथे का आहे आणि त्यांची मजुरी कशावर ठरते, ते तुला समजायला हवं. भाषेचा पेपरही मनापासून कर. जीएसटीच्या नोटिशीला पानभर नेमकं उत्तर लिहू शकणारी व्यक्ती कुठल्याही ऑफिसात मोलाची असते, आणि ते लिहिणं कुठल्या सॉफ्टवेअरच्या कोर्समध्ये कोणी शिकवत नाही.

पुढे ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे कामाच्या जागी बसून शिकणंही येईल. ओळखीच्या दुकानातून सर्टिफिकेट आणणारे पुष्कळ असतात. तू तसं करू नकोस. खऱ्या ऑफिसात बस, बिलं लाव, बँकेचं रिकन्सिलिएशन कर, म्हणजे आपली नोंद बँकेच्या नोंदीशी जुळव, चूक सापडेपर्यंत उठू नकोस. खरं तर तिसऱ्या वर्षाची वाट बघायचीही गरज नाही. कॉलेज सकाळचं असेल तर दुपारी एखाद्या कर सल्लागाराकडे जा. पगार थोडा मिळेल, पण सकाळी वर्गात ऐकलेलं दुपारी समोर येईल. सीए होणाऱ्यांनाही परीक्षा आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, दोन्ही कराव्या लागतात. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली, पण ती काढून टाकली नाही. शिवाय बँकेची क्लार्कची परीक्षा असो की एमपीएससीची राज्यसेवा, फॉर्म भरतानाच पदवी विचारतात. वर्षभराच्या कोर्सने ती दारं उघडत नाहीत.

'शंभर टक्के जॉब गॅरंटी' म्हणणाऱ्या त्या क्लासमध्ये बाबांना घेऊन एकदा जरूर जा. तिथे तीन गोष्टी विचार. गॅरंटी लेखी देणार का? नोकरी कोणत्या फर्ममध्ये आणि किती पगाराची? तीन वर्षांपूर्वीच्या बॅचची मुलं आज कुठे आहेत? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. पहिल्या महिन्यात नोकरी लागली हे सगळेच सांगतात.

घरातली पैशाची ओढाताण मला माहीत आहे. तीन वर्षं थांबणं खरोखरच शक्य नसेल, तर कोर्स कर आणि नोकरी धर, त्यात कमीपणा काही नाही. पण त्याच वर्षी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बीकॉमला नाव घाल. १९८९ पासून ते चालू आहे आणि तिथे नोकरी करत शिकता येतं. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणू नकोस. हातात पगार आल्यावर पुन्हा पुस्तक उघडणं किती जड जातं, ते आमच्या ऑफिसात मी रोज बघतो.

रविवारी सकाळी बाबांना घेऊन घरी ये. येताना कॉलेजची विषयांची यादी आण, क्लासचं माहितीपत्रक आण, आणि फी भरायची शेवटची तारीख विचारून ये. ओपन इलेक्टिव्हमध्ये काय काय आहे ते आपण तिघं बसून बघू.

तुझा,
काका