अर्धा पेक पुरे

अगं,

रात्री दोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन ॲपल पिकिंगला, म्हणजे बागेत सफरचंदं तोडायला, जावं का, असं विचारतेस आणि त्याच्याच खाली ॲपल पाय, सॉस, जॅम, मुरांबा अशी रविवारची यादी! जा, खुशाल जा. यादी मात्र फाडून टाक, आणि पिशवी अर्ध्या पेकचीच घे.

अर्धा पेक म्हणजे साधारण पाच पौंड, सव्वादोन किलो, चौदा-पंधरा मध्यम फळं. मोठी पिशवी त्या मानाने स्वस्त पडते आणि तिथेच आपली माणसं फसतात. अर्धा बुशेल वीस पौंडांच्या वर जातो. तो तोडायला सगळे असतात, सोलायला एकटी उरते. नवरा म्हणेल, एवढ्या लांब येऊन एवढीशीच? म्हणू दे.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून बागांचं वॉरविक, न्यूयॉर्क राज्यातलं, सव्वा-दीड तास. बाळाच्या सकाळच्या झोपेच्या वेळीच गाडी काढ, म्हणजे ते बागेत जागं पोचेल. कारसीटमध्ये बसवताना जाड जाकीट काढ, नाहीतर पट्टे घट्ट दिसतात पण सैलच राहतात. वरून पांघरूण घाल. ऑक्टोबरमधली कोलंबस डेची जोडून सुट्टी टाळ, पार्किंगमध्येच झोपेची वेळ उलटेल. स्ट्रोलर गवतात आणि मुळांत अडतो, बाळाला कॅरियरमध्येच घे. ज्याच्या अंगावर बाळ, त्याने शिडीला हात लावायचा नाही. खाली पडलेल्या फळांवर गांधीलमाश्या घोंघावतात, तिथे सतरंजी पसरू नकोस. ती फळं उचलूही नकोस, तिथे हरणं चरतात, लेंड्या टाकतात. घरी आल्यावर अंगावर टिक, म्हणजे गोचीड, शोध: कानामागे, मानेच्या वळ्यांत, जांघेत, गुडघ्यामागे. त्या भागात टिक चावून होणारा लाइम रोग आहे, कंटाळा करू नकोस.

तोडताना फळ तळहातात धर, वर उचल आणि हलकंच पिळ. पिकलेलं असेल तर देठासकट सुटतं. खसकन ओढलंस तर शेजारची पुढच्या वर्षीची कळीही हातात येते. झाडाच्या बाहेरच्या अंगाची फळं आधी पिकतात. लाल रंगावर जाऊ नकोस. लालीच्या मागचा हिरवा पिवळसर झालाय का, ते बघ. पिशवीत ठेवायचं, टाकायचं नाही. एका नासक्या आंब्याने अढी नासते, तेच इथेही. मार लागलेली फळं वेगळी काढ आणि आधी शिजव. बाकीची न धुता फ्रिजमध्ये, पालेभाजीपासून लांब. सफरचंदाच्या वायूने पाला पिवळा पडतो.

आता स्वयंपाक. बाळासाठी मॅकिंटॉश जातीची सहा सफरचंदं, साधारण 900 ग्रॅम. साल आणि बिया काढून दोन सेंटिमीटरच्या फोडी कर. पाव कप पाणी, झाकण, मंद आच, 12 ते 15 मिनिटं. मॅकिंटॉश आपोआप विरघळतं, चमच्याने घोटलं तरी पुरे. पाणी जास्त घातलंस की ताकासारखं होतं आणि चमच्यावर थांबत नाही. साखर नको, मीठ नको. सासूबाई मधाचं बोट चाटवायला जातील, तिथे भीड धरू नकोस: वर्षाखालच्या बाळाला मधातून बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो. दात शिवशिवतात म्हणून कच्ची फोडही हातात द्यायची नाही, घशात अडकते. निवलं की बर्फाच्या ट्रेमध्ये भर, वीसेक वड्या होतील. फ्रिजमधलं दोन दिवसांत संपव, फ्रीझरमधलं दोन महिन्यांत.

मोठ्यांसाठी तक्कू, कैरीचा करतो तसाच, बस. त्याला ग्रॅनी स्मिथ हे हिरवं, आंबट सफरचंद लागतं आणि ते बागेत ऑक्टोबरच्या उत्तरार्धाआधी सहसा पिकत नाही, तेव्हा दुकानातून दोन आण. साल काढून, आधीच लिंबाचा रस पिळून ठेवलेल्या वाडग्यात थेट किस, नाहीतर कीस काळा पडतो. कैरीएवढं आंबट नसतं, म्हणून दोन चहाचे चमचे गूळच पुरे. एक छोटा कांदा किसून, चमचाभर तिखट. मोहरी, मेथी, हिंग, हळदीची फोडणी पूर्ण गार करून घाल. गरम ओतलीस तर कीस मऊ पडतो. मीठ वाढताना घाल, आधी घातलंस की पाणी सुटतं.

उरलेली फळं नुसती खायची. हो, नुसती! पायसाठी कणीक थंड करा, लाटा, पुन्हा थंड करा, आणि एका खोलीत बाळ रडतंय. पुढच्या वर्षी कर. मला चिक्कू म्हणतात, ठाऊक आहे. पण सालींच्या ढिगापुढे गेलेले रविवार मला कुणी परत दिलेले नाहीत, म्हणून हा हेका. तुला पटत नसेल तर पेक घे, त्याच्या वर जाऊ नकोस. छे, पेकही नको. अर्धाच.

शनिवारी निघण्याआधी बर्फाचे दोन ट्रे रिकामे करून धुऊन ठेव.