‘कंपनी वाचली’ असं लिहिण्याआधी

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या लेखाचा खर्डा वाचला. भाषा चांगली आहे, आकडेही बहुतेक बरोबर आहेत. पण पहिल्याच ओळीत तू लिहितोस, ‘अमेरिकी सरकारने जनरल मोटर्सला वाचवलं’, आणि मग लेखभर ते योग्य की अयोग्य यावर भांडतोस. मी तुला त्या पहिल्या ओळीवरच अडवणार आहे. वाचवलं म्हणजे नक्की कोणाला?

१ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिची मालमत्ता सुमारे ८२ अब्ज डॉलरची होती आणि देणी सुमारे १७२ अब्जांची. १० जुलैला त्यातून एक नवी कंपनी बाहेर पडली. कामाचे कारखाने आणि चालणारे ब्रँड तिच्याकडे गेले. बंद कारखाने, नासलेल्या जमिनी, जुने दावे हा सगळा पसारा जुन्या कंपनीकडे राहिला आणि तिचं नाव झालं ‘मोटर्स लिक्विडेशन कंपनी’. जुन्या भागधारकांच्या हाती काही लागलं नाही. कर्जरोखे घेतलेल्यांना नव्या कंपनीत १० टक्के वाटा मिळाला, निवृत्त कामगारांच्या आरोग्यखर्चाच्या ट्रस्टला १७.५ टक्के, कॅनडाला ११.७ आणि अमेरिकी सरकारला ६०.८ टक्के. पाँटिअॅक आणि सॅटर्न हे ब्रँड कायमचे गेले. आता सांग, तुझ्या त्या वाक्यातली ‘जनरल मोटर्स’ यातली कोणती?

बँकेत असताना भोसरी-चाकणच्या कारखान्यांना कर्ज देण्यात माझी नोकरी गेली, म्हणून कदाचित मला हे असं दिसतं. बुडत्या कंपनीपुढे रेशनच्या दुकानासारखी रांग लागलेली असते. माल संपत आला की पुढच्यांना मिळतं, मागचे रिकामी पिशवी घेऊन घरी जातात. सरकार मध्ये पडतं तेव्हा ते दुकानात थोडा माल टाकतं आणि रांगही बदलतं. तुझ्या लेखात मालाचा हिशेब आहे, रांगेचा नाही.

आधी मोटारधंद्याचा ताळेबंद नीट समजून घे, कारण ‘गाड्या वाईट होत्या म्हणून बुडाले’ हे तुझं स्पष्टीकरण अर्धवट आहे. काल्पनिक आकडे घेऊ. गाडी ८ लाखांना विकली जाते आणि तिच्या सुट्या भागांवर व इतर बदलत्या खर्चावर ६ लाख जातात. उरले २ लाख. कारखाना, प्रेस शॉप, डाय, नव्या मॉडेलचं संशोधन, व्याज, पेन्शन हा वर्षाचा स्थिर खर्च ४,००० कोटी धर. म्हणजे २ लाख गाड्या विकल्या की हिशेब बरोबरीत. विक्री ३५ टक्क्यांनी पडून १ लाख ३० हजारांवर आली, तर जमा होतात २,६०० कोटी आणि तोटा होतो १,४०० कोटींचा. गाडी तीच, कामगार तेच. ३५ टक्के मी उगाच घेतलेले नाहीत. अमेरिकेत २००७ मध्ये सुमारे १ कोटी ६१ लाख वाहनं विकली गेली, २००९ मध्ये सुमारे १ कोटी ४ लाख. इतकी घसरण चांगल्या कंपनीलाही झेपत नाही. डेट्रॉइटच्या तिन्ही कंपन्या (जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायस्लर) तर मागणी जोरात असतानाच जेमतेम तरत होत्या.

दुसरी गोष्ट पुस्तकात सहसा सापडत नाही. गाडी कारखान्यातून निघाली की डीलरकडून पैसे लगेच येतात, व्हेंडरचं, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्याचं, बिल मात्र दीड-दोन महिन्यांनी चुकवलं जातं. म्हणजे विक्री वाढत असते तोवर कंपनी व्हेंडरच्या पैशावर चालते. विक्री कोसळली की हेच चाक उलटं फिरतं: येणं आटतं आणि मागच्या महिन्यांत घेतलेल्या भागांची बिलं दारात येतात. तोटा वर्षाअखेरीस दिसतो, रोकड काही आठवड्यांत संपते. २००८ च्या हिवाळ्यात झालं ते हेच. मोटार कंपनीचा अहवाल हातात आला की नफ्याच्या पानाआधी रोख प्रवाहाचं पान उघडत जा.

फोर्डचा परिच्छेद पुन्हा लिही. ‘फोर्डने मदत नाकारली, म्हणजे मदतीची गरज नव्हती’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. फोर्डने २००६ च्या अखेरीस जवळजवळ सगळं गहाण टाकून, अगदी ते निळं लंबगोल बोधचिन्हसुद्धा, सुमारे २३ अब्ज डॉलर उभे केले होते. बाजार गोठण्याआधी पैसा हातात आला. आणि तरीही फोर्डचे प्रमुख अॅलन मुलाली अमेरिकी काँग्रेससमोर प्रतिस्पर्ध्यांच्या शेजारी बसून त्यांना मदत द्या असंच सांगत होते. कारण व्हेंडर तिघांचे समाईक. सीट किंवा वायरिंग बनवणाऱ्याची दोन मोठी गिऱ्हाइकं एका महिन्यात बुडाली, तर तो तिसऱ्याचं शेड्यूल कसं पाळणार? फोर्डचीही लाइन थांबली असती. (खासगी विमानांचा परिच्छेद मात्र काढून टाक. तिघं प्रमुख विमानांनी मदत मागायला आले ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे आणि तिने अर्थशास्त्र काही कळत नाही.)

‘सरळ दिवाळखोरीत जाऊ द्यायला हवं होतं’ असं तू म्हणतोस. गेलेच की! पण अमेरिकेत दिवाळखोरीच्या काळात कंपनी चालू ठेवायला कोणीतरी नवं कर्ज द्यावं लागतं. लेहमन ब्रदर्स ही मोठी गुंतवणूक बँक १५ सप्टेंबर २००८ रोजी कोसळली होती. एवढी रक्कम द्यायला एकही खासगी बँक तयार नव्हती. सरकारी पैसा नसता तर फेररचना झाली नसती, कारखाने भंगाराच्या भावाने विकले गेले असते. डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये विधेयक अडलं आणि बुश यांनी बँकांसाठी ठेवलेल्या निधीतून १७.४ अब्ज दिले. मुक्त बाजाराच्या बाजूचा राष्ट्राध्यक्ष तसं वागला, कारण समोर पर्याय उरला नव्हता.

आता खर्च. सगळ्या मोटार कार्यक्रमावर सुमारे ८० अब्ज डॉलर गेले, त्यातले ९ ते १० अब्ज परत आले नाहीत. डिसेंबर २०१३ मध्ये सरकारने जनरल मोटर्सचे शेवटचे शेअर विकले. तू इथेच थांबतोस. आणखी एक ओळ घाल: कंपनीची मालकी बदलली की जुने तोटे दाखवून कर वाचवण्याची सवलत सहसा आटते, पण इथे नव्या जनरल मोटर्सला ते तोटे वापरू दिले गेले. तोही सरकारी पैसाच, फक्त धनादेशाने न दिलेला.

रांग कुठे बदलली हे पाहायचं तर क्रायस्लर पाहा. तिच्या तारण असलेल्या कर्जदात्यांना ६.९ अब्जांपोटी २ अब्ज मिळाले, म्हणजे डॉलरमागे २९ सेंट. रांगेत त्यांच्या मागे असलेल्या कामगार ट्रस्टला नव्या कंपनीचा ५५ टक्के वाटा मिळाला. इंडियाना राज्याचे पेन्शन फंड याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण विक्री थांबली नाही. समर्थक म्हणतात, कामगारांशिवाय गाडी बनत नाही आणि कंपनी मोडीत काढली असती तर त्या कर्जदात्यांना याहून कमी मिळालं असतं. युक्तिवाद दमदार आहे. पण पुढच्या वेळी तारण घेऊन कर्ज देणारा माणूस हे विसरत नाही, हेही लिही. आणि डेल्फाय! जनरल मोटर्समधून वेगळ्या झालेल्या या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत संघटनेच्या कामगारांची पेन्शन भरून काढली गेली, पगारदार कर्मचाऱ्यांची कापली गेली. एकाच छताखाली काम केलेली माणसं ती.

ब्रिटिश लेलँड या ब्रिटनच्या मोटार कंपनीशी केलेली तुलना चांगली आहे, पण लहान कर. १९७५ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, पैसा ओतत राहिलं, पण आहे ते टिकवण्याकडेच कल होता. तिचंच पुढचं रूप असलेली रोव्हर २००० मध्ये बीएमडब्ल्यूने १० पौंडांना विकली आणि एप्रिल २००५ मध्ये लाँगब्रिजचा कारखाना बंद पडला. अमेरिकेने पैसा देतानाच कारखाने बंद करायला लावले, रिक वॅगनर यांना जनरल मोटर्सच्या प्रमुखपदावरून जायला सांगितलं आणि बाहेर पडायची घाई केली. दोन्हीतला फरक अटींचा आहे. अटी किती बोचतात ते टाटांना विचार. २००८ मध्ये जॅग्वार लँड रोव्हर घेतल्यावर मंदीत सापडून त्यांनी ३४ कोटी पौंडांच्या युरोपीय कर्जासाठी ब्रिटिश सरकारची हमी मागितली होती. अटी पाहून २००९ मध्ये ती सोडली आणि पैसा दुसरीकडून उभा केला.

आपल्याकडची गोष्ट तू शोधलीच नाहीस, याचं आश्चर्य वाटलं. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना सुरू झाला तोच सप्टेंबर २००८ मध्ये. वाचलेली कंपनी २०१७ मध्ये भारतातली विक्री बंद करून मोकळी झाली, तळेगाव निर्यातीवर चाललं आणि डिसेंबर २०२० मध्ये थांबलं. आता ती जागा ह्युंदाईकडे आहे. डेट्रॉइटला सावरून धरणाऱ्या पैशाने कंपनीला तोट्याचे देश सोडण्याचं बळही दिलं. रांगेत तळेगावचा कामगार नव्हताच.

‘मग तुमचं मत काय?’ असं तू शेवटी विचारलं आहेस. जनरल मोटर्सला याच अटींवर मी पैसे दिले असते. क्रायस्लरला दिले नसते. ओबामांच्या सल्लागारांपैकी ऑस्टन गूल्सबी यांचं म्हणणं मला पटतं: क्रायस्लर गेली असती तर तिची बरीच गिऱ्हाइकं फोर्ड आणि जनरल मोटर्सकडे वळली असती, म्हणजे नोकऱ्यांचा मोठा भाग तिथेच तगला असता. माझ्या मताला एक अडचण आहे, ती तुझ्यापासून लपवत नाही. क्रायस्लर इटलीच्या फियाटकडे गेली, फियाटचा कारखाना टाटांच्या भागीदारीत रांजणगावला होता, आणि तळेगावच्या मालकाने भारताचा बाजार सोडला त्याच २०१७ साली रांजणगावला क्रायस्लरच्या जीप ब्रँडची कंपास बनू लागली. म्हणजे मी जिला पैसे नाकारले असते तिच्यामुळे पुणे जिल्ह्यात काम आलं, आणि जिला दिले असते तिने कुलूप लावलं. एवढ्यावरून मी मत बदलत नाही, कारण रांजणगाव डोळ्यांपुढे ठेवून २००९ मध्ये कोणी निर्णय घेतलाच नव्हता. पण तुझ्या लेखात हे दोन्ही कारखाने यायला हवेत.

नवा खर्डा पाठवताना पहिल्या पानावर तक्ता घाल: कोणाला काय देणं होतं, काय मिळालं, कोणी सोडलं. जुने भागधारक, कर्जरोखेधारक, निवृत्त कामगार, नव्याने कमी पगारावर लागलेले कामगार, डीलर (क्रायस्लरने ७८९ डीलर एका झटक्यात कमी केले), व्हेंडर, करदाता. त्यानंतरच पहिली ओळ लिही.

तुझा,
काका