कार्यक्रम दणक्यात झाला, मग आजोबा उठून का गेले?

ज्येष्ठांची डे केअर आणि विरंगुळा केंद्रं चालवणाऱ्यांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला ऑर्केस्ट्रा ठेवला होता. गाणी जुनीच, गायकही चांगले. तरी अर्ध्या तासात तिसातले दहा जण उठून गेले. काहींनी तर कानाचं मशीन काढून खिशात टाकलं. कुठे चुकलं? (व्यवस्थापिका, ठाणे)

उत्तर : चुकलं ते आवाजात. वयानुसार कान मंदावतात तेव्हा आधी बारीक, उंच स्वर जातात. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी व्यंजनं निसटतात आणि शब्द लागत नाहीत. त्याच वेळी मोठा आवाज सोसण्याची ताकदही घटते. हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि जोरात वाजलेलं टोचतं. अशा कानांपुढे आवाज वाढवणं म्हणजे चष्म्याचा नंबर चुकला म्हणून दिवा मोठा करणं. मशीनला तर गाणं, पंखा आणि टाळ्या यांतला फरक पुरता कळत नाही, ते सगळंच वाढवून कानात ओततं.

समोर एक मोठा स्पीकर ठेवण्याऐवजी दोन छोटे घ्या आणि बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर दोन बाजूंना ठेवा. शेवटची खुर्ची गायकापासून पाच-सहा मीटरच्या पुढे नको. फरशी आणि कोऱ्या भिंतींचा हॉल घुमतो, म्हणून मागच्या भिंतीवर सतरंज्या किंवा जाड चादरी टांगा. गायक खिडकीकडे पाठ करून उभा राहिला तर त्याचे ओठ दिसत नाहीत, आणि निम्मे श्रोते नकळत ओठांवरूनच ऐकत असतात. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज जास्त आहे, हे समजायला यंत्र लागत नाही. पेटी, तबला, एक गायक एवढं पुरतं. कीबोर्डवाल्याचं ड्रम मशीन मात्र बंदच ठेवायला सांगा.

उरला गळा. वयाबरोबर बायकांचा आवाज खाली येतो. काळी पाचला बसवलेलं गाणं पांढरी पाचला, म्हणजे खालच्या पट्टीत घेतलं, तर श्रोते नुसते ऐकत बसणार नाहीत, गातील. शब्दांचा कागद द्या, पण चकचकीत नको. पिवळसर कागद, काळी ठळक अक्षरं, साधारण २४ पॉइंट, पानावर एकच गाणं. गाणी निवडताना माणूस दहा ते तीस वर्षांचा असतानाचा काळ धरा, त्या वयातल्या आठवणी सर्वांत पक्क्या राहतात. ऐंशीच्या आजींसाठी हा काळ साधारण १९५५ ते १९७५ असा येतो. ‘जुनी गाणी’ म्हणून सरसकट १९४०ची गाणी लावली, तर ती त्यांच्या आईची गाणी होतात.

आणि चाळीस मिनिटांनी थांबा. लघवी होण्याच्या गोळ्या घेणाऱ्याला त्यापुढे गाणं सुचत नाही.

प्रश्न : हौजी सर्वांना आवडते, पण दर वेळी भांडण होतं. कुणाचा आकडा राहतो, कुणाला भलताच ऐकू येतो. (स्वयंसेवक, नाशिक)

उत्तर : दुकानातलं तिकीट बाद करा. तीन ओळी, नऊ रकाने, पंधरा आकडे ही रचना तशीच ठेवून आडव्या ए-फोर कागदावर एकच तिकीट छापा, म्हणजे चौकोन तीन सेंटीमीटरचा होतो. पेननं काट मारायला लावू नका. हात कापला की काट शेजारच्या आकड्यावर जाते आणि तिथूनच वाद सुरू होतो. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं जमवा, ती या चौकोनात नेमकी बसतात. तीस तिकिटांना ४५० लागतील. तिकीट काठाच्या ट्रेमध्ये ठेवलं की झाकणं खाली घरंगळत नाहीत.

आकडा दोनदा सांगा, एकदा अखंड आणि एकदा फोडून : ‘त्रेपन्न… पाच, तीन.’ कमी ऐकणाऱ्याला त्रेपन्न आणि त्रेसष्ट एकच वाटतात, एकोणपन्नास-एकोणसाठचंही तेच. सोबत आकड्याची मोठी पाटी वर धरा आणि पुढचा आकडा पंधरा-वीस सेकंदांनी काढा. तीस तिकिटं असतील तर फुल हाऊस बहुधा सत्तर-बहात्तर आकडे निघेपर्यंत लागत नाही, म्हणजे एक डाव वीस-बावीस मिनिटांचा. असे दोन डाव पुरे. ‘जल्दी पाच’ला, म्हणजे पहिले पाच आकडे आधी लागणाऱ्याच्या बक्षिसाला हमखास दोघं-तिघं एकदम ओरडतात, तिथे सारखी बक्षिसं तीन ठेवा. सर्वांत कमी झाकणं पडलेल्यालाही एक बक्षीस द्या. हरणारे शेवटपर्यंत जागे राहतात.

प्रश्न : आमच्याकडे अगदी तल्लख आणि स्मृतिभ्रंश असलेले असे दोन्ही आजी-आजोबा एकत्र असतात. प्रश्नमंजूषेत तेच चार जण उत्तरं देतात, बाकीचे हिरमुसतात. सर्वांना सामावेल असं काय करता येईल? (समुपदेशक, पुणे)

उत्तर : ‘आठवतंय का?’ हा प्रश्नच कार्यक्रमातून काढून टाका. ज्याला आठवत नाही त्याची ती चारचौघांत घेतलेली परीक्षा होते. म्हण अर्धी सांगून सोडली की ‘अंगण वाकडे’ आपोआप तोंडात येतं, कारण तिथे आठवावं लागतच नाही. हातांचंही तसंच असतं. म्हणून बाजार भरवा, तोही आण्यांचा.

१ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. १९४५च्या सुमारास जन्मलेले तेव्हा बारा वर्षांचे होते, वाण्याकडे आणे घेऊन गेलेले. प्रत्येकाला एका रुपयाची पुरचुंडी द्या : एक अधेली (आठ आणे), एक पावली (चार आणे), एक चवली (दोन आणे) आणि दोन सुटे आणे. तीस जणांना १५० नाणी होतात, दुकानदारांच्या सुट्ट्यासाठी आणखी पन्नास आणे धरा. जाड पुठ्ठ्यातून पाच-सहा सेंटीमीटरची कापा, त्याहून लहान असली तर आखडलेल्या बोटांनी उचलत नाहीत. आणा कंगोऱ्याचा आणि चवली गोलसर कोपऱ्यांची चौकोनी कापा, खरी तशीच होती. चौकोनी तुकडा हातात येताच ‘चवली!’ असं म्हणणारे निघतात.

चार टेबलं लावा. तीन दुकानांत दोन आणे, तीन आणे असे भाव ठेवा आणि गल्ल्यावर हिशेबात पक्के असलेल्यांना बसवा. पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असलेले आजोबा शोधावे लागत नाहीत, तेच पुढे येतात. चौथ्या दुकानात मात्र प्रत्येक वस्तू एका नाण्याची : नाणं द्या, वस्तू घ्या. ज्यांना हिशेब झेपत नाही त्यांना मदतनीस तिथे घेऊन जाईल. लिंबं, पोस्टकार्ड, पेन्सिल, वाती, कागदी फुलं असा माल ठेवा. साबण, डांबरगोळ्या, मणी नकोत. स्मृतिभ्रंशात ते खाऊ समजून तोंडात जाऊ शकतात. रद्दी आणि दोरा ठेवा, पुडी बांधणारे हात बरोबर दिसतात.

चाळीस मिनिटांत बाजार उठवा आणि शेवटी फळ्यावर एकच वाद टाका : आण्याचे सहा नवे पैसे की सात? सरकारी कोष्टकात एका आण्याला सहा, दोनला बारा, तिनाला एकोणीस आणि चाराला पंचवीस होते. तीन आणे एकेक करून वटवणाऱ्याचा एक पैसा गेला, ही तक्रार त्यांच्या पिढीत अजून जिवंत आहे. साठी-पासष्टीतल्यांना आणे आठवणार नाहीत. त्यांना स्टोव्हची पिन, रॉकेलचं रेशनकार्ड असलं काही द्या.

पुण्यात जुन्या शहराचा विषय काढलात तर १२ जुलै १९६१, पानशेतचा पूर, येणारच. तो करमणुकीत आणू नका, पण कुणी बोलायला लागलं तर विषय बदलूही नका. शेजारी बसून ऐकणारा एक माणूस मोकळा ठेवा.

प्रश्न : श्रावणात मंगळागौरीचे खेळ ठेवायचे आहेत. पडायची भीती वाटते. (संचालिका, सांगली)

उत्तर : फुगडी नको. दोघी एकमेकींच्या वजनावर मागे रेललेल्या असतात, एकीची पकड सुटली की दोघीही पडतात. शिवाय थांबल्यावरही कानातला तोल काही क्षण फिरतच राहतो. बस फुगडीत गुडघे जातात. झिम्मा, सूप आणि टिपऱ्या मात्र खुर्चीत बसून छान होतात. खुर्ची हातांची, चाकं नसलेली आणि पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशी हवी. समोरासमोर दोन रांगा करा, गुडघ्यांमध्ये वीतभर अंतर ठेवा. टिपऱ्या वर्तमानपत्राची चार पानं घट्ट गुंडाळून, चिकटपट्टी लावून बनवा. चुकून लागल्या तरी इजा होत नाही आणि मशीनच्या कानांना लाकडाचा खणखणाटही सोसावा लागत नाही. अर्धांगवायूनंतर एकच हात चालत असेल तर एकच टिपरी द्या. ताल संथ ठेवा, दहा मिनिटांनी थांबा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर त्या आजींना आधीच थांबवा. संपल्यावर लगेच उठवू नका, मिनिटभर खुर्चीच्या कडेवर बसू द्या, नाहीतर रक्तदाब उतरून चक्कर येते.

पडण्याइतकीच दुसरी एक गोष्ट सांभाळायची. तुमच्याकडच्या निम्म्याहून अधिक आजी कदाचित विधवा असतील. मंगळागौर म्हटलं की काही जणी स्वतःहून मागच्या खोलीत जाऊन बसतात. कार्यक्रमाचं नाव ‘श्रावणी खेळ’ ठेवा, वाण आजोबांसकट सर्वांना द्या. कुंकवाचं आधी एकेकीला बाजूला घेऊन विचारा, ताट फिरवताना नको.

प्रश्न : संक्रांतीला तिळगूळ द्यावा का? कवळी आणि साखर, दोन्हींची अडचण आहे. (मदतनीस, कोल्हापूर)

उत्तर : चिक्कीच्या गुळाचा लाडू देऊ नका, कवळी त्यात अडकून निघते. साध्या गुळात, तीळ-दाण्याचं बारीक कूट घालून मऊ वडी करा, सुपारीएवढी एकच. गूळ साखरेपेक्षा ‘चालतो’ हा गैरसमज आहे, मधुमेहाला दोन्ही सारखेच. म्हणून वडी जेवणानंतर द्या आणि वहीत लिहा. गिळताना ठसका लागणाऱ्यांना कूटही नको, कोरडे कण श्वासनलिकेत जातात. त्यांच्या हातावर हलव्याचा दागिना बांधा, पण दाणे तोडून तोंडात जात नाहीत ना, याकडे लक्ष ठेवा.