वैमानिकाने कोणता गॉगल निवडावा?

प्रश्न : मी विमान चालवण्याचे प्रशिक्षण घेत आहे. मोटार चालवताना वापरतो तोच गॉगल घालून मी उड्डाणाला जात असे; परंतु तो पोलराइज्ड असल्याचे लक्षात येताच प्रशिक्षकांनी विमानात तो वापरण्यास मनाई केली. चष्म्याच्या दुकानात मात्र पोलराइज्ड काचच सर्वोत्तम असे सांगतात. वैमानिकाला ती का चालत नाही, आणि मग कोणती काच घ्यावी?
– एक प्रशिक्षणार्थी वैमानिक

उत्तर : दुकानदार आणि आपले प्रशिक्षक आपापल्या जागी दोघेही बरोबर आहेत. पाणी किंवा ओला रस्ता अशा आडव्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश बहुतांशी आडव्या दिशेने कंप पावत असतो आणि पोलराइज्ड काच नेमका तोच प्रकाश अडवते. त्यामुळे मोटारचालकाला किंवा नावाड्याला तिचा मोठा आराम वाटतो. कॉकपिटमध्ये हाच गुण तीन प्रकारे अंगाशी येतो.

पहिली अडचण पडद्यांची. एलसीडी पडद्यातून बाहेर पडणारा प्रकाश मुळातच ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा, असतो. त्या पडद्याची आणि आपल्या काचेची दिशा एकमेकींशी काटकोनात आली की पडदा जवळजवळ काळा दिसतो, आणि मधल्या कोनात तो कमी-अधिक अंधूक होतो. उंची किंवा वेग दाखवणारा आकडा मान थोडी कलवताच पुसट व्हावा, हे उड्डाणात परवडणारे नाही. नकाशासाठी सोबत घेतलेला टॅब्लेट उभा धरला असता स्पष्ट आणि आडवा धरताच काळा, असाही अनुभव येतो. दुसरी अडचण समोरच्या काचेची. अनेक विमानांची पुढची काच थरांची किंवा प्लॅस्टिकची असते, आणि त्या पदार्थात राहिलेला ताण साध्या डोळ्यांना दिसत नसला तरी पोलराइज्ड काचेतून रंगीत पट्ट्यांच्या किंवा डागांच्या रूपाने उठून दिसतो. तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. दूरच्या दुसऱ्या विमानाची पहिली चाहूल पुष्कळदा त्याच्या पंखावरून किंवा काचेवरून चमकून गेलेल्या उन्हाच्या तिरिपेनेच लागते. ती तिरीपच गाळली गेली, तर ते विमान दिसायला आणि त्याला टाळायला मिळणारा वेळ कमी होतो. चकाकी त्रासदायक असते हे खरे, पण आकाशात तीच कधी कधी सूचनेचे काम करते.

एखादी काच पोलराइज्ड आहे की नाही, याविषयी त्यावरील चिठ्ठीवर विसंबू नये. ती मोबाइलच्या उजळ पडद्यासमोर धरून सावकाश पाव फेरा, आणि शंका राहिल्यास अर्धा फेरा, फिरवावी. पडदा वाटेत कुठे काळवंडला तर काच पोलराइज्ड आहे असे समजावे.

आता रंग आणि गडदपणा. राखाडी काच सर्व रंग जवळजवळ सारख्याच प्रमाणात मंद करते, म्हणून रंगओळखीच्या दृष्टीने ती सर्वांत निर्धोक. राखाडी-हिरवी आणि तपकिरी काचही चालते; धुरकट हवेत तपकिरी काचेतून आकार अधिक ठळक दिसतात, असे काही वैमानिक सांगतात. पिवळ्या, नारिंगी किंवा अंबर रंगाच्या काचा मात्र निळा प्रकाश गाळतात, आणि त्यामुळे दिशादर्शक दिवे, संकेत व रंगीत नकाशे ओळखण्यात घोटाळा होऊ शकतो. गडदपणाबाबत अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाचा सल्ला असा आहे की काचेने दृश्य प्रकाशाचा ७० ते ८५ टक्के भागच अडवावा, म्हणजे १५ ते ३० टक्के आत सोडावा. त्याहून गडद काच लावल्यास बाहेरच्या झगझगीत ढगांकडे पाहणे सुखाचे होते, पण आतील तुलनेने अंधाऱ्या पॅनेलवरचे आकडे वाचताना डोळ्यांना ताण पडतो. खरेदी करताना एक बारकावा ध्यानात ठेवावा. आंतरराष्ट्रीय वर्गवारीतील ‘श्रेणी ३’ची काच ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडते, म्हणजे त्याच श्रेणीतील एक काच वैमानिकाला योग्य, तर दुसरी फार गडद असू शकते. यासाठी नुसती श्रेणी न विचारता नेमके किती टक्के प्रकाश आत येतो, हेच विचारावे. ‘श्रेणी ४’ तर रस्त्यावर वाहन चालवण्यासाठीही वर्ज्य मानली जाते.

प्रश्न : उन्हात आपोआप गडद होणारी काच घेतली, तर नंबराचा चष्मा आणि गॉगल असे दोन वेगळे बाळगावे लागणार नाहीत. ही सोय वैमानिकासाठी योग्य आहे का?
– एक चष्माधारी वैमानिक

उत्तर : सोय आकर्षक असली तरी कॉकपिटमध्ये ती अपुरी पडते. अशा काचा प्रामुख्याने अतिनील किरणांमुळे गडद होतात आणि विमानाची पुढची काच त्यांतील बराच भाग अडवते. परिणामी ऐन उन्हात काच अर्धवटच गडद होते. उलट, गडद झालेली काच पुन्हा फिकी होण्यास काही मिनिटे लागतात, आणि विमान उन्हातून दाट ढगात शिरायला तेवढा वेळ घेत नाही. त्यापेक्षा आपल्या नंबराचाच स्थिर रंगाचा गॉगल करून घ्यावा. चाळिशी लागली असेल तर जवळचा नंबर पॅनेलच्या अंतरावरून मोजून घ्यावा, कारण पुस्तक वाचण्याचे अंतर आणि पॅनेलचे अंतर एक नसते. वर गडद आणि खाली फिकी होत जाणारी काच अशांना विशेष उपयोगी पडते : आकाश गडद भागातून आणि उपकरणे फिक्या भागातून पाहता येतात. साधा, बिनरंगी जादा चष्मा हाताशी हवाच, कारण संधिप्रकाशात गॉगल उतरवावा लागतो.

प्रश्न : महागड्या गॉगलमध्ये अतिनील किरणांपासून अधिक संरक्षण मिळते का? आणि जुन्या पद्धतीची धातूची बारीक फ्रेम केवळ शोभेची असते का?
– एक वाचक

उत्तर : किमतीवरून संरक्षणाचा अंदाज बांधता येत नाही. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवल्याची स्पष्ट नोंद काचेवर किंवा सोबतच्या कागदावर असावी, एवढे पाहावे. ही काळजी वैमानिकाने अधिक घ्यावी, कारण दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता सुमारे १० टक्क्यांनी वाढते. विमानाच्या काचा यांपैकी ‘बी’ प्रकारचे किरण चांगले अडवतात, परंतु ‘ए’ प्रकाराबाबत काचेकाचेत बराच फरक आढळतो. पैसे खर्च करायचेच असतील तर काचेच्या दर्जावर करावेत. गॉगल हातभर अंतरावर धरून त्यातून खिडकीच्या चौकटीची सरळ रेषा पाहावी आणि गॉगल हळूहळू सरकवावा. बिननंबरी काचेत ती रेषा वाकली किंवा थरथरली, तर तो गॉगल परत ठेवावा. पॉलिकार्बोनेट हलके आणि आघात सोसणारे असते, मात्र त्यावर चरे लवकर पडतात, म्हणून त्यावर चरेरोधक लेप असावा.

बारीक फ्रेम मात्र केवळ शोभेची नाही. काड्या जाड असल्या की हेडसेटची गादी कानाभोवती नीट बसत नाही. त्या फटीतून इंजिनाचा आवाज आत येतो, आणि तासाभरात कानशिले दुखू लागतात ती वेगळीच. म्हणून काड्या पातळ आणि शक्यतो सरळ असाव्यात, आणि गॉगल घेताना आपला हेडसेट दुकानात सोबत न्यावा. दोन्ही एकत्र घालून दहा-पंधरा मिनिटे तसेच बसून पाहण्यास कोणताही समंजस दुकानदार हरकत घेणार नाही.